युलाली गिद्रीचा टोप

ओदील गेल्याची बातमी तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळली.

मी एक जुना काचेचा टोप आहे. त्या दिवशी मी एका पांढऱ्या मोटारीच्या मागच्या सीटवर, आणखी पाच टोपांच्या चळतीत बसलो होतो. गाडी रॅमोना नावाची बाई चालवत होती. मोडक्या गाड्या ओढून नेणाऱ्या एका माणसाचा तिला फोन आला. गळिताचे दिवस होते आणि उसाचा एक ट्रक पुलावर ओदीलच्या गाडीवर चढला होता.

"गेली का?" रॅमोनाने विचारले.

"जागच्या जागी."

"नवरा आहे?"

"आहे. पोलीस अजून त्याच्याकडे पोचलेही नाहीत."

"छान," ती म्हणाली.

मित्रांनो, चाळीस वर्षे मी दुःखाच्या घरी जेवण पोचवले. त्या कामात 'छान' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

माझा जन्म भट्टीत झाला, पण त्यातले मला काही आठवत नाही. माझे आयुष्य सुरू झाले ते युलाली गिद्रीच्या स्वयंपाकघरात. ती बायू सार्सेलच्या संथ पाण्याकाठी एकटी राहायची. तिने लग्न केले नाही. गावात कुणी गेले की ती माझ्यात मसाल्याचा भात आणि कोंबडीचा रस्सा भरायची, वर माझे झाकण ठेवायची आणि आम्हाला मांडीवर घेऊन शेजाऱ्याच्या गाडीतून निघायची.

आमच्या गावाची रीत अशी. सुतकाच्या घरात चूल थंड असते, म्हणून सगळा गाव जेवण नेतो. हातात भांडे असलेल्या माणसाला कुणी 'तुम्ही कोण?' असे विचारत नाही, सरळ दार उघडतात. भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर मालकाचे नाव असते. घरच्यांनी ते भांडे धुवायचे, नाव वाचायचे आणि आठवड्याभरात परत करायचे. रिकामे परत करायचे नाही, निदान चार अंजिरे तरी त्यात घालायची.

युलालीचे हात थरथरायला लागले, तेव्हा माझी पट्टी ओदीलने लिहून दिली. चर्चच्या मागच्या खोलीत सगळ्या म्हाताऱ्यांच्या पट्ट्या तीच लिहायची. शेवटच्या अक्षराला ती लांब शेपूट काढायची. "युलालीमावशी, एवढं शेपूट धरून ओढलंत तरी टोप परत येईल," असे ती म्हणाली होती आणि दोघी हसल्या होत्या.

पुढे युलाली गेली. तिच्यामागे कुणी नव्हते. तिचे सामान चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत मांडले आणि तिथेच माझे झाकण फुटले. चाळीस वर्षे आम्ही बरोबर होतो. त्याबद्दल मी एवढेच सांगेन की दुसरे झाकण मला नीट बसत नाही.

त्या विक्रीतून रॅमोनाने आम्हा सहा जणांना उचलले. नव्या भांड्याकडे लोक निरखून बघतात आणि जुन्याकडे बघत नाहीत, हे तिला पक्के ठाऊक होते. आमच्या तळाच्या पट्ट्या तिने मुद्दाम ठेवल्या.

ती काम करायची व्हॉन क्रेटन नावाच्या वकिलासाठी. आमच्या राज्यात वकिलांना नियम आहे. अपघात झालेल्या घरी स्वतः जायचे नाही, दुसऱ्यालाही पाठवायचे नाही. तीस दिवस पत्रसुद्धा लिहायचे नाही, आणि नंतर लिहिले तर पाकिटावर ठळक 'जाहिरात' असे छापायचे. नियम साधा आहे. रडणाऱ्या माणसाला आधी रडू द्या, एवढाच त्याचा अर्थ. पण एवढी माणुसकी सांगायलाही वकिलांना लेखी कलम लागते, आणि कलम मिळाले की त्यातली फट शोधायला आणखी एक वकील लागतो. क्रेटनची फट म्हणजे आम्ही, सहा टोप. हातात भांडे असलेल्या बाईला वकिलाने पाठवले असे कुणाला वाटणार?

तिसऱ्या दिवशी रॅमोना मला घेऊन ओदीलच्या दारात उभी राहिली. तिने बाजारातल्या शेवया कोंबडीत कालवून माझ्यात भरल्या होत्या. वरून झाकायला चंदेरी कागद होता. ओदीलच्या नवऱ्याने, अल्सिदने, दार उघडले. तो होड्यांची इंजिने दुरुस्त करतो. त्याच्या नखांतले तेल त्या दिवशीही तसेच होते.

"मिस्टर अल्सिद, ओदीलबाई म्हणजे अख्ख्या गावाची माय होती हो," रॅमोना म्हणाली.

"या," तो म्हणाला. त्याने विचारले नाही की तुम्ही कोण.

ती स्वयंपाकघरात बसली. तिने डोळे टिपले. खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून उसासा टाकला. मग पिशवीतून वकीलपत्राचा कागद काढला. ट्रकवाले पुरावे लपवतात, आमच्या ओळखीचे क्रेटनसाहेब देवमाणूस आहेत, फक्त इथे सही करा, बाकी तुम्हाला काही बघावे लागणार नाही. अल्सिदने पेन हातात घेतले. त्याला ट्रकशी भांडायचेच होते आणि कसे भांडायचे ते माहीत नव्हते. त्या घटकेला त्याने कशावरही सही केली असती.

तेवढ्यात ओदीलची बहीण क्लोथिल्द आत आली.

"भावोजी, फादर आलेत. पेन ठेवा ते."

"कागद असू दे," रॅमोना गोड आवाजात म्हणाली. "मी शनिवारी टोप न्यायला येतेच की. तुम्ही नका तसदी घेऊ."

ती गेल्यावर क्लोथिल्द म्हणाली, "आपला टोप आपणच न्यायला येणारी बाई मी आयुष्यात पाहिली नाही. असली घाई कसली?"

शनिवारी सकाळी अल्सिद भांडी धुवायला उभा राहिला. कागद टेबलावर होता, पेन कागदावर होते. रॅमोना आली की सही करायची, असे त्याने ठरवले होते. त्याने मला धुतले, पुसले आणि नाव वाचायला पालथे केले.

मग त्याने अंगठा त्या शेवटच्या अक्षराच्या शेपटावरून फिरवला.

"क्लोथिल्द," त्याने हाक मारली. "हे ओदीलचं अक्षर आहे."

"युलालीचा टोप!" क्लोथिल्द म्हणाली. "भावोजी, युलालीला जाऊन चार वर्षं झाली. हा त्या बाईकडे कसा?"

रॅमोना आली तेव्हा दोघे टेबलापाशी बसले होते आणि मी मध्ये पालथा होतो.

"हा टोप कुणाचा?" अल्सिदने विचारले.

"माझाच की. म्हणजे, माझ्या आजीचा."

"युलाली गिद्री तुमची आजी?"

"हो ना. फार जीव होता तिचा माझ्यावर."

"चमत्कारच म्हणायचा," क्लोथिल्द म्हणाली. "ऐंशी वर्षं कुमारी राहून नातीला जन्म दिला. पोपना कळवायला हवं."

अल्सिदने कागदाची घडी केली, घडीत पेन ठेवले आणि दोन्ही तिच्या हातात दिले.

"पेन तुमचं आहे. टोप तुमचा नाही."

तिने मला मागितले नाही.

एकतिसाव्या दिवशी पोस्टाने पाकीट आले. वर ठळक अक्षरांत छापले होते, 'जाहिरात'. आत क्रेटनची सही होती. 'खिडकीजवळची ती खुर्ची रिकामी बघून आपल्याला काय वाटत असेल, याची आम्हाला कल्पना आहे.' पत्रांच्या यादीतून अल्सिदचे नाव खोडायचे कष्टही त्या कचेरीत कुणी घेतले नव्हते. जो माणूस या घरात कधी आलाच नाही, त्याला खुर्ची कुठे आहे हे माहीत होते. आणि दिवस मात्र त्याने अगदी चोख मोजले होते. दाराशी पाय पुसून आत शिरणारा चोर स्वतःला सभ्य समजतो, तसा हा.

ट्रकचा खटला आता दुसऱ्या गावची एक वकीलबाई चालवते. तिच्याकडे अल्सिद स्वतः चालत गेला. तिनेच त्याला सांगितले की वकिलांच्या वागणुकीची चौकशी करणारी कचेरी आहे. पट्टी आणि पत्र, एवढा पुरावा सुरुवातीला पुरेल. फक्त तक्रार त्याने स्वतः लिहायला हवी. रॅमोना वकील नसल्यामुळे हे नियम तिला शिवत नाहीत. क्रेटनला धरले तरच तिचे येणेजाणे थांबेल.

मित्रांनो, माझे तुम्हाला एवढेच सांगणे आहे. दुःखाच्या घरी आलेले भांडे रिकामे परत करू नका, पण ते पालथे करून नाव वाचल्याशिवाय कशावर सहीही करू नका. आणि भांडे घेऊन जाल तेव्हा हातात फक्त भांडे असू द्या.

तक्रारीचा अर्ज माझ्यातच ठेवलेला आहे. क्रेटनचे नाव लिहून झाले आहे. रॅमोना किती वाजता आली, काय बोलली, तेही लिहिले आहे. 'आपली पत्नी कोणत्या दिवशी व कशी मरण पावली' ही ओळ कोरी आहे. अल्सिद रोज अर्ज काढतो, त्या ओळीपर्यंत येतो आणि पुन्हा माझ्यात ठेवतो.

माझे पाच सोबती अजून रॅमोनाच्या गाडीत आहेत. गळीत अजून संपलेले नाही. अर्ज अजून गेलेला नाही.