आधी धन्याचा घोट

कडेगावच्या दवाखान्यातले कंपाउंडर गंगाधरपंत मूळचे वाईचे, आणि स्वतःच्या नियमावर त्यांचा भारी जीव. नियम पाच बोटांचा. बाटली हातात देण्याआधी ते पंजा उघडत आणि एकेक बोट मिटत विचारत : औषध कुणाचं, कशाचं, किती घ्यायचं, कधी आणि कसं? रोग्यानं पाचही उत्तरं बिनचूक दिली तरच मूठ मिटायची आणि बाटली सुटायची. कुणी अडखळला की पंजा पुन्हा सताड उघडा. ओट्यावर खोळंबलेले लोक वैतागत, पण पंतांच्या हातून आजवर एकही औषध वावगं गेलं नव्हतं. त्याचा त्यांना जरा ताठाही होता, आणि गर्वाचं घर खाली असतं हे काही नव्यानं सांगायला नको.

महायुद्ध संपून वर्ष झालं होतं. दिवाळी सरली तशी पूर्वेच्या कोरड्या मुलखातली धनगरांची मेंढरं कडेगावच्या शिवारात खतासाठी येऊन बसली. त्या तळावरची धोंडुबाई एके दिवशी नवऱ्याच्या खांद्याला धरून दवाखान्यात आली. पाय सुजून टम्म, आणि चार पावलं टाकली की धाप. डॉक्टर गोपाळकृष्णांनी छाती तपासली, हृदय थकलंय म्हणाले, आणि डिजिटॅलिस लिहून दिलं. पंतांनी ते बेतानं पाण्यात मिसळलं आणि बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी चिकटवली. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस.

"सांगा," पंतांनी पंजा उघडला.

"माझं हाय. काळजाचं. येका टायमाला येक खाच. सकाळ-सांज, भाकरीच्या आधी. तोंडानं," धोंडुबाई म्हणाली. मग हळूच विचारलं, "मेंढरं मावळतीकडं निघायच्या आत सूज उतरंल न्हवं? न्हाईतर पोरं मला पलूसला लेकीकडं ठेवत्याल. छपराखाली मला झोप लागत न्हाई, बाबा."

"नेमानं घेतलंत तर उतरेल," पंत म्हणाले आणि मूठ मिटली.

पहिली बाटली संपली, दुसरी संपली. सूज होती तिथंच, नाडीही तशीच धावत होती. डॉक्टर बुचकळ्यात पडले. एवढ्या औषधानं फरक पडायला हवा होता. शेवटी त्यांनी प्रमाण वाढवून दिलं, आणि मेंढरांमागं चालायचं नाही, पलूसला लेकीकडेच राहायचं असंही बजावलं. पोरं परवाच तळ हलवणार होती. धोंडुबाईचे डोळे भरून आले. तिनं पाचही उत्तरं बरोबर दिली आणि जास्त जोराची ती बाटली पदराआड धरली.

निघताना तिचा नवरा आप्पासो मात्र बाकावरच टेकला. एरवी दगडासारखा गडी, पण आज चेहरा पार उतरलेला.

"कंपौंडर, मलाबी कायतरी द्या. भाकरी म्होरं आली की मळमळतंय. आन् मेंढरं पिवळी दिसाय लागल्यात. पांढरीबी पिवळी आन् काळीबी पिवळी."

पंत हसले, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांचं हसू मावळलं. अन्नावरची वासना उडणं, डोळ्यांपुढं पिवळं येणं. ही लक्षणं त्यांना पाठ होती. डिजिटॅलिस जास्त झालं की माणूस हेच सांगतो. त्यांनी आप्पासोचं मनगट धरलं. नाडी मंद, त्यातही मध्येच एखादा ठोका गाळणारी.

"आप्पासो, तुम्ही हिचं औषध घेता?"

"घ्यायाच लागतंय की," आप्पासो म्हणाला. "लय कडू हाय. पन हिच्यापायी घेतो."

"आवं, धन्याच्या आधी म्या कवा तोंडात काय घातलंय?" धोंडुबाईनं समजावून सांगितलं. "तुमी म्हनलासा, भाकरीच्या आधी घ्या. मग खाचंपतुर वतायचं, आधी ह्येंचा घोट, उरंल ते माझं. ह्येंचा घोट जरा मोठा हाय."

पंतांनी मनाशी हिशेब मांडला. म्हणजे औषध गुण देत नव्हतं असं नव्हे, ते तिच्या पोटात धड जातच नव्हतं. आणि आता आप्पासो मेंढरांमागं जाणार, पलूसला तिच्याजवळ नसणार. धनी गावाला गेला म्हणून बाई काही उपाशी राहत नाही. वाढवलेला अख्खा डोस तिच्या एकटीच्या थकलेल्या काळजावर पडला असता, तोही पंतांच्या पाच बोटांच्या साक्षीनं.

"ती बाटली द्या इकडं," ते म्हणाले. बाटली घेतली आणि तडक आत गेले. "डॉक्टर, माझा एक प्रश्न कमी पडला."

डॉक्टरांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "प्रमाण वाढवायच्या आधी मीसुद्धा विचारायला हवं होतं," ते म्हणाले. आप्पासोचं औषध तिथंच तोडलं आणि नाडी सुधारेपर्यंत त्याला दवाखान्यातच ठेवून घेतलं. धोंडुबाईला पुन्हा पहिल्याच प्रमाणाची बाटली द्यायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी आप्पासो जरा सावरला, पण बाटली पुढं करताच धोंडुबाईनं नकारार्थी मान हलवली. धडधाकट काळजाला हे औषध म्हणजे वीख, हे तिला पटलं होतं. पण जन्माचा नेम मोडायचा म्हणजे काय? "मग मला नगंच ते," ती म्हणाली. रागानं नव्हे, अगदी शांतपणे.

पंतांनी वाद घातला नाही. त्यांनी दुसरी बाटली धुतली, तिच्यात बडीशेपेचं पाणी भरलं, तशीच खाचांची पट्टी लावली आणि आप्पासोच्या हातात दिली. "यात नुसतं बडीशेपेचं पाणी आहे, औषध नाही. आधी तुमचा घोट यातला, मागनं तिचा तिच्या बाटलीतला. या बाटलीतलं त्या बाटलीत नाही."

आप्पासोनं वास घेतला. "ह्ये ब्येस हाय," तो म्हणाला. बूच घट्ट बसवलं आणि बोलला, "मेंढरं पोरं न्हेत्याल. म्या पलूसला ऱ्हातो. न्हाईतर आधी घोट कोन घेईल?" ज्यानं जन्मात जावयाच्या दारात मुक्काम केला नव्हता तो हे बोलला, तेव्हा धोंडुबाई पदरानं तोंड लपवून हसली.

थंडी सरता सरता दोघं पुन्हा आली. ती पुढं आणि तो मागं. तिच्या पायातलं वाळं घोट्यावर सैल फिरत होतं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, पाय दाबून पाहिले, आणि औषध चालू ठेवून मेंढरांकडं जायला परवानगी दिली. पंतांना इतका आनंद झाला की त्यांनी बाटलीचं बूच दोनदा पुसलं.

पंजा उघडला. पाचही उत्तरं झाली. आता सहाव्या प्रश्नासाठी पंतांना दुसरा हात वर करावा लागे.

"आणि आधी कोण घेतं?"

धोंडुबाई लाजली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

"बडीशेपेचं पानी कवाच सरलं," आप्पासो म्हणाला. "म्या म्हनलं, आता तू घे. हिच्या पोटात औषध गेल्याबिगर म्या भाकरीला हात लावत न्हाई."

"लय भांडले मी," धोंडुबाई म्हणाली. "तर ह्ये भाकरी म्होरं ठिवून उपाशी बसून ऱ्हायलं."

 पंतांनी मूठ मिटली आणि बाटली तिच्या हातात दिली.