पांढरा कोट

प्रेमिला मॅडमनी स्कुटी अंगणात लावली, डिक्कीतून नर्सिंग कॉलेजचं माहितीपत्रक काढलं आणि त्या भैय्यालालच्या ओसरीवर चढल्या. प्रवेशाची मुदत संपत आली होती. बारावीला त्यांच्या वर्गात पहिली आलेली त्याची मुलगी रुची निकालापासून फोन उचलत नव्हती.

भैय्यालालचं तिरोड्याला किराणा दुकान, माणूस बोलका. मॅडमनी विषय काढायच्या आत त्याने पेढ्यांचा डबा पुढे केला. पेढे निकालाचे समजून मॅडमनी एक तोंडात टाकलासुद्धा.

"रुचीचं जमलं, मॅडम. पोरगा कुडव्याचा आहे. तुमचा फोटो बहुत कामी आला."

फोटोची कल्पना मॅडमचीच. दरवर्षी करिअर मार्गदर्शनाच्या दिवशी बारावीची मुलं, ज्याला जे व्हायचं त्या वेषात, फोटोला उभी राहत. पोलिसाची टोपी कुणाकडून तरी मागून आणत. पांढरा कोट मात्र मॅडमचा स्वतःचा, बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेतला. रुचीला बाह्या लांब होत होत्या. मॅडमनीच त्या आत दुमडल्या, हनुवटी वर धर म्हणाल्या. भिंतीवर वर्षभर स्वतःला असं बघितलं की मुलं मागे हटत नाहीत, हा त्यांचा भाबडा विश्वास. वर्ष संपलं की फोटो घरी जायचा.

रुचीचा घरी आला आणि तिथून लग्नाच्या बायोडाटावर चिकटला.

"पोरगी दवाखान्यात कामाले जाते काय, म्हणून पोराकडच्यांनी विचारलं," भैय्यालाल हसत म्हणाला. "मी म्हटलं, नाही जी. कोट फोटोपुरताच होता."

मॅडमनी माहितीपत्रक उघडून त्याच्यापुढे धरलं. त्या बोलल्या. कॉलेज चांगलं आहे, मुलींचं होस्टेल आहे, लग्न काय शिकूनही होतं. भैय्यालालने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तो चिडला असता तर भांडता तरी आलं असतं. मुलीला अठरा वर्षं पूर्ण झाली, शब्द दिला गेला, एवढंच तो म्हणाला, आणि वर, तिलाच विचारा की.

रुची चहा घेऊन आली. मॅडमनी विचारलं. तिने ट्रेमधल्या कपांकडे बघत सांगितलं, बाबा म्हणतात तसंच. माहितीपत्रक खुर्चीवर ठेवून मॅडम उठल्या.

स्कुटी वळवेपर्यंत रुची मागून आली. तिने माहितीपत्रक डिक्कीत ठेवलं, झाकण दाबून लावलं. मॅडमना भरून आलं. चार शब्द धीराचे बोलावेत म्हणून त्या शोधू लागल्या, पण असे शब्द त्या वर्गात इतक्यांदा बोलल्या होत्या की आता एकही जिभेवर येईना.

"मॅडम, आमची धाकटी मंजू औंदा बारावीत गेली," रुची म्हणाली.

मॅडमनी मान हलवली.

"तिले तो कोट नका घालू देऊ. तिचाबी फोटो चांगला येते."