पानावर उमटलेला प्रसेनजित

शेलूबाजारजवळच्या एका शेतकरी गटाची वेबसाइट प्रसेनजितनं बनवली होती. मळणी यंत्र कोणाच्या वावरात कधी जाणार, ते तिच्यावर कळायचं. उन्हाळ्यात गाडीवरून पडून तो गेला आणि साइट धाकट्या बहिणीच्या, पौर्णिमाच्या गळ्यात पडली. पोरगी हुशार, पण धीर म्हणून नाही. पान लवकर उघडावं म्हणून तिनं भावाची, तक्ता दाखवणाऱ्या जावास्क्रिप्टची वेगळी फाईल उचलली आणि जशीच्या तशी पानाच्या टेम्प्लेटमध्ये चिकटवली.

सकाळी गटातल्या देवमनकाकांचा फोन आला. "पौर्णिमा, पाळीचा तक्ता कुठी गेला? इथं त तुहा भाऊ बोलून राह्यला!"

तिनं पान उघडलं आणि अंगावर सर्रकन काटा आला. तक्त्याच्या जागी लिहिलेलं होतं: 'पौर्णे, ही फाईल पानात नको चिकटवू. अडलीस त मले आवाज दे, मी हाये ना.' त्याखाली नुसता कोडचा कचरा.

भूतबित काही नव्हतं. प्रसेनजितनं फाईलच्या सुरुवातीला बहिणीसाठी, पानावर न दिसणारी टीप लिहून ठेवली होती आणि तिच्यात सुरुवातीलाच, स्क्रिप्ट संपवायची खूण नमुना म्हणून दिली होती. वेगळ्या फाईलीत तिचा काही त्रास नाही. पानात आली की मात्र ब्राउझर टीपबीप बघत नाही. खूण दिसली की स्क्रिप्ट संपली, पुढचं सगळं उघड्यावर.

आई, गंगू, फोनवर तेच वाक्य बोट ठेवून वाचत बसली होती. "मले वाटतच होतं, तो येईन. हात नको लावू त्याले."

बाहेर आभाळ भरून आलं होतं. वावरावावरात सोयाबीन कापून पडलेलं आणि यंत्र फाट्यावर उभं. फोनवर फोन. शेवटी पौर्णिमानं खुणेतल्या तिरप्या रेघेआधी एक उलटी रेघ घातली, म्हणजे ब्राउझरला ती खूण ओळखू येईना आणि टीप पुन्हा झाकली गेली. इतक्या महिन्यांनी भाऊ बोलला होता, आणि तिनं स्वतःच्या हातानं त्याचं तोंड बंद केलं. तिला स्वतःचीच चीड आली.

तक्ता आला. यंत्र देवमनकाकांच्या वावराकडे निघालं.

गंगू बराच वेळ पान पुन्हापुन्हा उघडत राहिली. मग म्हणाली, "लोकायचं सोयाबीन कवरोक निघंन?"

"आठ दिवसात, आई."

"मंग आठ दिवसानं ते बिघडवजो पुन्हा."