कोठीत उरलेले काडतूस

मी एक जुनी रायफल आहे. माझ्या नळीवर कोरलेले नाव मात्र माझे नाही. मला घडवले एका कारखान्याने आणि नाव दिले एका मोठ्या दुकानाने. तेच दुकान त्याच कॅटलॉगमधून परकर, कंदील आणि कोंबड्यांची खुराडीही विकत असे. केंटकीच्या डोंगरातल्या हॉबर्ट स्टॅम्परने मला टपालाने मागवले, तेव्हा त्याचा थोरला भाऊ व्हर्लिन खो-खो हसला.

“परकराच्या दुकानातली बंदूक! हिला लेस कुठंय रे?”

“हस, दादा. तुझ्या म्हातारीत दुसरी गोळी भरेपर्यंत खार संसार थाटून मोकळी होते!”

मित्रांनो, त्याचे म्हणणे खरे होते. व्हर्लिनच्या बंदुकीत एका वेळी एकच काडतूस मावे. बार उडाला की ती रिकामी. माझे तसे नव्हते. बार उडताच त्याच्याच धक्क्याने माझा बोल्ट मागे सरके, रिते टरफल बाहेर फेकी आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना मॅगझिन नावाच्या सुट्या डबीतले नवे काडतूस नळीच्या मुळाशी असलेल्या कोठीत ढकली. हॉबर्ट माझे कौतुक सांगताना थकत नसे. रविवारी खारीचा रस्सा शिजला की पहिला घास घेण्याआधी तो माझ्याकडे पाहून डोळा मिचकावी.

एका शरदात दोघांनी गंमत म्हणून बंदुकांची अदलाबदल केली. व्हर्लिनने माझ्याकडून एक खार टिपली. परतताना काटेरी तारेचे कुंपण लागले. आमच्याकडे रीत अशी, की कुंपणापाशी बंदूक रिकामी करायची, तसे मोठ्याने सांगायचे आणि मगच ती पलीकडच्याच्या हाती द्यायची. व्हर्लिनने मॅगझिन काढून खिशात घातले.

“रिकामी,” तो म्हणाला.

“आण इकडे. माझीच पोर ती,” म्हणत हॉबर्टने तारांमधून मला नळीला धरून ओढले. तारेचा काटा चापात अडकला.

मॅगझिन काढल्याने कोठी रिकामी होत नाही.

हॉबर्टला पुरल्यावर लोक म्हणू लागले, या बंदुकीला शाप आहे. शाप नव्हता, कोठीत एक काडतूस होते.

हॉबर्टची बायको मला घरात घेईना. व्हर्लिनने मला स्वयंपाकघरात, आपल्या खुर्चीसमोर टांगले. ना तेल, ना चिंधी. जेवणाआधी तो मला खाली काढी, बोल्ट ओढी, कोठीत करंगळी घालून चाचपडे आणि परत टांगी. मग बहुधा ताट तसेच राही. माझ्यावर गंज चढला. त्याची करंगळी पोहोचे तेवढी कोठी मात्र स्वच्छ राहिली.

हॉबर्ट गेला तेव्हा पाळण्यात असलेली त्याची लेक लॉर्ना परवा आली.

“काका, बाबांची बंदूक नेते मी.”

“तुझ्या आईला चालेल?”

“आईनंच धाडलंय. म्हणाली, ती भिंतीवर आहे तोवर भावजी पोटभर जेवायचे नाहीत.”

व्हर्लिनने दस्ता तिच्याकडे करून मला पुढे धरले. “बोल्ट ओढ, पोरी.”

तिने ओढला. “रिकामी आहे, काका.”

“पुन्हा बघ.”

तिने करंगळी घालून पुन्हा पाहिले.

मित्रांनो, यंत्राला माया कळत नाही आणि माणसाचा शब्दही कळत नाही. म्हणून माझ्या बाबतीत, ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याच्याही शब्दावर विसंबू नका. आत पाहा.

लॉर्ना मला घेऊन उंबरठा ओलांडत होती. मागे, मोकळ्या भिंतीसमोर, व्हर्लिनने ताट पुढे ओढले. त्याची करंगळी ताटाच्या कडेवर चाचपडत राहिली.