फोटोकाकांच्या मांडीवरची मातकट बॅग

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा कुणीही ‘ही जेवणाच्या डब्याची पिशवी असावी’ असंच म्हणतो. तुमचाही तसाच समज झाला असेल तर मी मुळीच रागावणार नाही. मी कॅमेऱ्याची बॅग आहे. जुनी आहे, लहान आहे, आणि माझा रंग धड तपकिरी नाही की धड करडा नाही. वाळत आलेल्या चिखलासारखा मातकट आहे. गेले कित्येक महिने मी एका दारामागे खुंटीला लटकले होते. दार उघडलं की भिंतीशी चेपायची आणि लागलं की जरा मोकळी व्हायची, एवढीच माझी हालचाल. म्हणूनच आज तुमच्याशी बोलावंसं वाटतं आहे.

माझा जन्म एका शिलाई कारखान्यात झाला. तिथे मोठमोठ्या प्रवासी बॅगा शिवत आणि त्यांच्या उरलेल्या कापडातून माझ्यासारख्या लहान बॅगा. मला शिवणारी बाई मशीनवर वाकून स्वतःशीच गुणगुणत असे. पट्टा जिथे अंगाला जोडतात तिथे बाकीच्या बायका एकच टीप मारत. ही मात्र उलटसुलट दोनदा मारायची. मुकादम कुरकुरला की ती शांतपणे सांगायची, माणूस ओढाताण करतो ती इथेच. पुढे माझ्या पट्ट्याला कितीतरी हिसके बसले, पण तो तुटला नाही. त्या बाईला हे कधी कळणार नाही, याची मला चुटपुट लागते.

दुकानात माझ्या वाट्याला सगळ्यात खालची फळी आली. वरच्या फळ्यांवर मोठ्या, रुबाबदार बॅगा होत्या. त्यांच्या छातीवर चमकदार अक्षरं होती आणि अंगभर खिसे होते. गिऱ्हाइकं त्यांच्यापुढे थांबायची, त्यांना गोंजारायची. दुकानदार मात्र झाडताना मला पायानेच आत सरकवायचा. वाटायचं, एकदा तरी कुणीतरी खाली वाकावं.

आणि एके दुपारी कुणीतरी वाकलं.

ती बसची ड्रायव्हर होती. अंगावर कामाचा गणवेश आणि हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला कॅमेरा, असा तिचा अवतार होता. शेवटच्या थांब्यावर बस थोडी थांबते तेव्हा ती फोटो काढायची. कॅमेरा कापडी पिशवीत आपटून त्याला पोचा पडला होता, म्हणून बॅग हवी होती. पण मोठी बॅग सीटशेजारी मावत नव्हती. शिवाय तशी बॅग दिसली की लोक एकतर टक लावून बघतात, नाहीतर केस सारखे करायला लागतात, आणि चोराला तर आमंत्रणच. तिला हवी होती रोजची, लहान आणि कुणाच्या डोळ्यांत न भरणारी बॅग.

दुकानदाराने वरच्या फळीवरची एकेक बॅग उतरवली. ती स्टुलावर ड्रायव्हरसारखी बसायची, बॅग कमरेशी ठेवायची आणि न बघता एका हाताने उघडायची. एकीचं झाकण चर्रकन आवाज करत उघडलं, तेव्हा ती हसून म्हणाली की या आवाजाने आख्खी बस जागी होईल. दुसरीचा पट्टा खांद्यावरून घसरत होता. तिसरीत कॅमेरा आत जाताना अडकत होता. दुकानदार कंटाळला. शेवटी तिनेच वाकून मला बाहेर ओढलं, धूळ फुंकली, आणि कॅमेरा आत ठेवला. तो माझ्यात असा बसला की जणू आम्ही एकाच घरात वाढलो होतो.

“ताई, ही घेतलीत तर लोकांना वाटेल डबा घेऊन निघालात,” दुकानदार म्हणाला.

“मग हीच द्या,” ती म्हणाली.

मित्रांनो, मी दिसत नाही म्हणून मला कुणी घेत नव्हतं, आणि मी दिसत नाही म्हणूनच तिने मला निवडलं. त्या दिवसाइतकी मी पुन्हा क्वचितच आनंदात होते.

संध्याकाळी तिच्या घरी गेल्यावर कळलं की हे सगळं कुणासाठी चाललं होतं. ती आणि तिचे बाबा तिसऱ्या मजल्यावर राहत होते. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि आजाराने त्यांचे पाय गेले होते. त्यांनी आयुष्यभर फोटो स्टुडिओ चालवला होता. सगळी गल्ली त्यांना फोटोकाका म्हणायची. पण पाय गेल्यापासून ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप तेवढे दिसत. हा कॅमेरा त्यांच्याच स्टुडिओतला होता. लेकीने तो मागितला तेव्हा, पडून तर आहे, ने, एवढंच ते म्हणाले होते.

रोज घरी आली की ती मला त्यांच्या मांडीवर ठेवायची. माझी चेन तेच उघडायचे. फोटो धुण्याच्या रसायनांत आयुष्य गेल्याने त्यांची नखं पिवळी पडली होती, पण बोटं फार हलकी होती. ते चष्मा लावून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर एकेक फोटो बघत. पहिल्या दिवशी बघून झाल्यावर कॅमेरा माझ्यात परत ठेवला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, माणसाचं डोकं कापलंस. मग रोज काही ना काही. घाई केलीस. एक पाऊल मागे यायचं. हा म्हातारा कशाकडे बघून हसतोय ते फोटोत कुठाय? ती चिडायची, जेवताना वाद घालायची, आणि दुसऱ्या दिवशी एक पाऊल मागे यायची. हळूहळू ते भिंतीकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून बसू लागले. जिन्यात तिची पावलं वाजली की चष्मा पुसून तयार.

एक गोष्ट मात्र ते पुन्हा पुन्हा मागत. माझ्या स्टुडिओच्या गल्लीचा फोटो आण ना, म्हणत. ती सांगायची, आपली बस तिकडून जात नाही. मित्रांनो, बस तिकडूनच जायची. तो चौक आला की ती माझ्यावरचा हात घट्ट करायची आणि समोरच बघायची. कारण ती इमारत पाडली होती. स्टुडिओच्या जागी रिकामं मैदान होतं. आजारी माणसाला हे कसं सांगायचं, या विचारात वर्षं गेली होती.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी तिने मन घट्ट केलं आणि मला खांद्याला अडकवून तिथे गेली. मैदानात मुलं चेंडू खेळत होती. शेजारच्या इमारतीची एक भिंत उघडी पडली होती. त्या भिंतीवर मोठं निळं आकाश होतं आणि त्यात पांढरे ढग. फोटोकाकांनी स्वतः रंगवलेला, स्टुडिओतला फोटोमागचा पडदा तो. कापडावर नव्हे, भिंतीवरच रंगवलेला. त्याच्यापुढे उभं राहून किती माणसांनी फोटो काढून घेतले असतील! बाकी सगळं पाडलं, पण ही भिंत शेजाऱ्यांची, म्हणून राहिली. तिने चेन उघडून कॅमेरा बाहेर घेतला. मग तिने फोटो काढला.

संध्याकाळी मी बाबांच्या मांडीवर होते. त्यांनी फोटो पाहिला. त्यांची बोटं माझ्या कापडावर थांबली.

“मी हा रंग स्टुडिओतल्या उजेडासाठी दिला होता,” ते म्हणाले. “उन्हात इतका खुलेल असं वाटलं नव्हतं.”

ती रडत रडत सांगू लागली की आपण इतके दिवस लपवलं. ते म्हणाले की इमारत पडल्याचं एका जुन्या गिऱ्हाइकाने फोनवर केव्हाच सांगितलं होतं. तिने विचारलं, मग बोलला का नाहीत?

“तू सांगशील म्हणून थांबलो होतो. आता मला खाली ने.”

पुढच्या सुट्टीला डेपोतले दोन ड्रायव्हर आले. त्यांनी बाबांना खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलली. मी मांडीवर होतेच. जिन्याच्या प्रत्येक वळणावर बाबा म्हणत, हॉर्न द्या, समोरून कुणी येईल. हसून हसून त्या दोघांचे हात ढिले पडायची वेळ आली.

मैदानात पोचल्यावर आकाशाच्या भिंतीपुढे खुर्ची ठेवली. आयुष्यभर बाबा कॅमेऱ्यामागे उभे राहिले होते. आता समोर बसून ते तिला सांगू लागले की ऊन डाव्या गालावर घे आणि मागची मुलं खेळू देत, त्यांना थांबवू नकोस. तिने मला त्यांच्या मांडीवरून उचलायला हात पुढे केला. ते म्हणाले, राहू दे. तिने लगेच कॅमेरा डोळ्याला लावला.

“घाई करू नकोस,” ते म्हणाले. “मी कुठे जात नाही.”

ती एक पाऊल मागे सरकली आणि तिने फोटो काढला.

थंडी सरता सरता बाबा गेले. कामावर परतल्यावर शेवटच्या थांब्यावर तिने सवयीने मला उघडलं, कॅमेरा हातात घेतला, डोळ्याला लावला, आणि तसाच परत ठेवला. घरी येऊन तिने मला दारामागे अडकवलं. मी तिला दोष देत नाही. आणलेला फोटो बघणारं कुणी नसेल तर माणसाने तो कशाला आणावा? माझ्या खिशात जुन्या किल्ल्या, टाचण्या, अर्धवट संपलेली औषधाची पाकिटं साठत गेली. चेन अडकू लागली. अंगाला कुबट वास येऊ लागला.

तो फोटो बाहेरच्या खोलीत लावला आहे. येणारे-जाणारे त्याच्यापुढे थांबतात, हे मला दारामागून ऐकू येतं. त्यात मी आहे, त्यांच्या हातांखाली. पण मी तो कधी पाहिलेला नाही. रोज जिन्यात पावलं वाजली की मला वाटायचं, आता मला त्या मांडीवर ठेवतील. मग आठवायचं. मित्रांनो, कापडालाही हातांची सवय लागते, आणि ती लवकर सुटत नाही.

आज सकाळी ती एक किल्ली शोधत होती. तिने माझ्यात हात घातला आणि तिची बोटं कॅमेऱ्याला लागली. ती तिथेच जमिनीवर बसली. मग तिने माझे सगळे खिसे रिकामे केले, ओल्या फडक्याने मला पुसलं, अडकणाऱ्या चेनवर मेणबत्ती घासली आणि ती पुढे-मागे सरकवून पाहिली. कॅमेऱ्याची बॅटरी काढून तिने चार्जरला लावली आणि मला खिडकीत उन्हात ठेवलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी दारामागे, पलंगाखाली, माळ्यावर माझ्यासारखं कुणी पडलेलं असेल. आम्हाला नीट झाकून ठेवलंत तर आभारच आहेत, पण आम्ही त्यासाठी जन्मलेलो नाही. आम्हाला धूळ लागू द्या, ऊन लागू द्या, बाहेर घेऊन चला. आणि घरात कुणी जिना उतरू शकत नसेल, तर परत येताना त्यांच्यासाठी बाहेरचं काहीतरी आणा. फोटो नसेल तर नुसती हकिगत चालेल, पण आणा.

चार्जरचा दिवा अजून लाल आहे. ती चहाचा कप घेऊन माझ्याशेजारी बसली आहे. आम्ही दोघीही त्या दिव्याकडे बघतो आहोत.