आत्म्याला ळ सापडत नव्हता

दर गुरुवारी आमच्या तळेगावात मेलेली माणसं टाइप करत.

तीनशे जिवंत माणसं ते बघायला मठाच्या मंडपात दाटून बसत. मागे पडदा, त्यापुढे चौरंगावर संगणक, शेजारी काचेच्या कुलूपबंद पेटीत हार घातलेला कीबोर्ड, किल्ली गर्दीतल्या कुणाच्याही हातात. स्क्रीनवर भगवं कापड, कारण लिहिताना आत्मा लाजतो. मशीन कधीच बंद करत नसत, कारण कर्सर विझला तर आत्मा भटकतो. मठाचे कर्सरबाबा डोळे मिटून सांगायचे, "शरीर शटडाउन होते, आत्मा फक्त लॉगआउट होतो." लोक माना डोलवत. घंटा वाजली की कापड दूर, आणि स्क्रीनवर वरून आलेलं पत्र.

माझे वडील वासुदेवराव, आमचे बाबूजी, वारून सात महिने झाले होते. एका गुरुवारी त्यांचा नंबर लागला. 'प्रिय शकुंतला, मी येथे सुखात आहे. रडू नकोस,' अशी आईच्या नावाने सुरुवात होती. शेवटी आज्ञा होती की आचलने नोकरी सोडून हेमराजशी लग्न करावं.

आचल म्हणजे मी. गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. हेमराज म्हणजे कर्सरबाबांचा पुतण्या, माझाच विद्यार्थी, टायपिंगच्या परीक्षेत तीसच्या वेगाला दोनदा नापास.

आईने साखर वाटली आणि त्या दिवसापासून रडणं थांबवलं. मी तिला विचारलं की बाबूजींना सही करताना घाम फुटायचा, ते टायपिंग कुठे शिकले?

"तिथं टाइमच टाइम रायते नं," आई म्हणाली.

पुढच्या गुरुवारी मठातच साखरपुडा ठरला.

तो संगणक आमच्याच क्लासने मठाला दिलेला जुना नग. पासवर्ड माझाच होता आणि तो बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. होणारी सून म्हणून बुधवारी मला मशीन पुसायला एकटीला सोडलं. मी आदेश लिहायची काळी खिडकी उघडली आणि एक ओळ लिहिली: या मशीनला काय काय जोडलंय ते दाखव. यादीत कीबोर्ड दोन निघाले. एक पेटीतला. दुसरा बिनतारी, त्याचा नखाएवढा रिसीव्हर मागे खोचला होता. मग दुसरी ओळ लिहिली: दोन्ही कीबोर्डवर दाबलेली प्रत्येक कळ, वेळेसकट, एका फाइलमध्ये नोंदवत राहा. खिडकी झाकली. मशीनही पुसलं, आरोप नको.

गुरुवारी तीन पत्रं आली. रुख्माबाईंना नवऱ्याचं, ओमप्रकाशला आईचं, आणि साखरपुड्याला आशीर्वाद म्हणून आमच्या बाबूजींचं. मी हात जोडून म्हटलं की बाबूजींनी आणखीही लिहिलंय, वाचू का. तीनशे माणसांसमोर कर्सरबाबांना नाही म्हणता येईना.

मी फाइल उघडली. पेटीतल्या कीबोर्डवर शून्य कळा. दुसऱ्यावर कंट्रोल आणि व्ही, म्हणजे तयार मजकूर चिकटवणं. तिन्ही पत्रांना तेच. सुख तेच, 'रडू नकोस' तेच. नाव आणि गाव तेवढं हाताने.

"बाबूजींनी आधी 'रुख्मा' लिहिलं," मी वाचलं. "मग सहा वेळा खोडून 'शकुंतला'."

मंडप हसला. रुख्माबाईंनी पदर तोंडावर ओढला. मी वाचत राहिले.

"मग तळेगाव. 'त' नंतर 'ळ' सापडायला अकरा सेकंद." मी पडद्याकडे वळले आणि वर्गातल्या आवाजात विचारलं, "हेमराज, ळ कुठे असतो?"

"एनवर, मॅडम. शिफ्ट दाबून," पडद्यामागून उत्तर आलं.

कुणीतरी पडदा ओढला. नवरदेव फेटा बांधून, मांडीवर कीबोर्ड घेऊन बसला होता. आत्मा कोणतंही माध्यम निवडतो, असं कर्सरबाबा समजावू लागले. मी रिसीव्हर उपसून हातात धरला आणि म्हटलं, निवडू द्या. तीनशे माणसं अर्धा तास नुसता कर्सर लुकलुकताना बघत बसली. ओमप्रकाशने आईच्या पत्राला फ्रेम आणली होती. ती पाठीमागे लपवून तो सगळ्यांत आधी उठला.

घरी आईने पहिल्या पत्राचा छापील कागद देवघरातून काढला.

"म्हंजे 'रडू नकोस' हे त्याईनं नाई लिवलं?"

"नाई. चिकटवलं." हळू सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

"मले तवाच समजाले पायजे होतं," आई कागदाची घडी घालत म्हणाली. "तीस वर्षांत त्याईनं मले 'वो' शिवाय हाक मारली नाई. 'प्रिय' काऊन म्हनतीन?"

मग आठ दिवसांचं साठलेलं ती रात्रीच्या स्वयंपाकापर्यंत रडली.

मेलेली माणसं लिहीत नाहीत. कुणी म्हणालं लिहितात, तर नमस्कार करण्याआधी कीबोर्ड किती आहेत ते मोजा. आणि रडू आलं तर रडा. त्यासाठी वरून परवानगी लागत नाही.