कडेची रेघ

'बिनतारी' हे नाव त्यांना शेजाऱ्यांनी ठेवलं होतं, आणि त्यात कौतुकापेक्षा वैताग जास्त होता. लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून गृहस्थ गच्चीवर तारा ताणायचे आणि रोज दुपारी खोलीचं दार ओढून घेऊन लांबलांबच्या माणसांशी रेडिओवर बोलायचे. रीतसर परवाना होता, परीक्षा दिलेली होती. नियमाला इतके पक्के की आपल्या वाटणीच्या पट्ट्यापलीकडचं काही हवेत गेलं, तर त्यांना जेवण जात नसे.

पलीकडच्या खोलीत बायको अंथरुणाला खिळलेली. आजार होताच, त्यात कानही गेलेले. कानात यंत्र होतं, तरी तिच्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागे. पाणी हवंय का, कूस बदलायची का, हे ओरडून विचारता येतं. पण डॉक्टरांनी बाहेर बोलावून जे सांगितलं होतं, ते कसं ओरडायचं? 'आता औषध फक्त दुखू नये एवढ्यापुरतं' हे वाक्य घशाच्या शिरा ताणून कुणी आपल्या बायकोला सांगतं का? बिनतारींनी त्या दिवशी घरी येऊन भलतंच ओरडून सांगितलं होतं, "गुण येतोय म्हणाले!" ती हसली होती आणि हे सुटल्यासारखे बाहेर गेले होते.

खरं काय ते त्यांनी एकट्या मास्तरांना सांगितलं. मास्तर दुसऱ्या गावचे, निवृत्त शिक्षक, रेडिओवरचे जुने दोस्त. दोघांची प्रत्यक्ष भेट कधीच झालेली नव्हती. हवेतलं बोलणं कुणीही ऐकू शकतं हे बिनतारींना ठाऊक होतं. साऱ्या जगाने ऐकलं तरी चालेल, हिच्या कानावर जायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि एके दिवशी मास्तरांनीच तक्रार केली. "अहो, तुमच्या आवाजाच्या कडेला माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक बारीक उभी रेघ दिसते. तुम्ही गप्प बसलात तरी ती आपली तिथंच. कुठून गळतंय काय?"

बिनतारींच्या जिवाला घोर लागला. त्यांचा नवा रेडिओ म्हणजे हातभर लांबीचा साधा डबा, बाकी सगळी कामं कॉम्प्युटर करायचा. त्यांनी वायर बदलली. गळती अडवायला केबलवर काळी कडी चढवली. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहिला. महिना होत आला, रेघ जागची हलेना. मास्तर म्हणाले, "झोपा, उद्या बघू. रेघेला काय पाय फुटणारेत?"

चूक शेवटी सापडली आणि ती त्यांचीच निघाली. ऐकण्याच्या बाजूचा तोल त्यांनी मागेच बसवला होता, आणि तोच पाठवण्याच्या बाजूलाही चालेल असं धरून बसले होते. ते तसं चालत नाही. पाठवताना डब्याच्या पोटातली, आवाज वाहून नेणारी मूळ लहर हवेत जायला नको, ती थोडी थोडी निसटत होती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ती दाबायला दोन सरकत्या खुंट्या होत्या. डबा चांगला तापू दिला, मग बिनतारी एकेक खुंटी केसभर सरकवू लागले आणि मास्तर तिकडून सांगू लागले, "कमी झाली... अजून... अहो, परत वाढली, मागे या... हां! गेली! साफ!" दोघा म्हाताऱ्यांनी पोरांसारखा आरडाओरडा केला.

त्यानंतर दोन दिवसांनी उशी सारखी करताना बायकोने विचारलं, "मास्तरांशी भांडलात का हो?"

"नाही! का?" ते ओरडले.

"मग बोलत का नाही? परवापासून यात नुसती बदकं भांडतात." तिने कानातल्या यंत्राला बोट लावलं. "एरवी तुमचं अगदी छान ऐकू येतं. मास्तरांचं नाही येत, तुमच्याच बाजूचं. म्हटलं, हे बघा, इतकं हळू बोलतात तरी कळतंय मला."

बिनतारी उशी धरून तसेच उभे राहिले. गच्चीवरची तार बरोबर तिच्या पलंगावरून जात होती. ती निसटणारी लहर सोबत होती, म्हणून यंत्रात त्यांचे शब्द शब्दांसारखे उमटत होते. ती बंद केली, तसा नुसता आवाज फाटला आणि राहिली बदकं.

"सगळं ऐकलंस?" आता त्यांना ओरडवेना. पण तिने ओठांवरून ओळखलं.

"मी घोरते, तेही सांगितलंत त्यांना," ती म्हणाली. मग त्यांचा हात उशीवरून सोडवून आपल्या हातात घेतला. "डॉक्टरांचंही ऐकलं. रडलात तेही. तुम्हाला सांगायचं नव्हतं, म्हणून मीही विचारलं नाही. पण दुपारी तेवढं बोलत जा हो. तुमचा साधा आवाज किती वर्षांनी ऐकला."

बिनतारी आपल्या खोलीत गेले आणि दार उघडंच ठेवलं. महिनाभर झटून घालवलेली गळती त्यांनी दोन खुंट्या फिरवून परत आणली. गच्चीवरची तार सोडवली, जगाला आता यातलं काही कळायची गरज नव्हती. डब्यातून एक साधी वायर काढून तिच्या पलंगाखाली टाकली, ताकद अगदी कमी केली. नियमात हे कुठेच बसत नव्हतं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

मग माइक हातात घेतला, आणि इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच बायकोशी काय बोलावं ते त्यांना सुचेना.

"ऐकू येतंय का गं?" ते हळूच म्हणाले. "तू गेल्यावर मी काय करू? मला भीती वाटते."

पलीकडच्या खोलीतून बहिऱ्या माणसाचा तो खणखणीत आवाज आला. खालच्या मजल्यावरही गेला असेल.

"ते मास्तरांना सांगून झालंय! जे त्यांना नाही सांगितलं, ते सांगा!"